युद्धातल्या लढाऊ वैमानिकांची आठवण : कोल्हापुरात नावानिशी काही करूया का?

पंचगंगाकाठ | ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.४०

मंडळी, येत्या १४ डिसेंबरला रविवार येतोय. १९७१ साली याच तारखेला श्रीनगरच्या हवाई तळावर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत होते आणि त्यातूनच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी आपलं नॅट हे छोटं लढाऊ विमान वर काढलं. एका सेबरवर मारा साधला, दुसऱ्याला आग लावली. उरलेल्यांनी त्यांना घेरलं आणि त्यांचं विमान डोंगरात कोसळलं. हवाई दलाला आजवर मिळालेलं परमवीर चक्र एकच, ते सेखोंचं. त्यांचा देह मात्र घरी आलाच नाही.

आपल्या जिल्ह्याला फौजेचं वेगळं काही सांगावं लागत नाही. सैनिक टाकळी आपल्याच शिरोळ तालुक्यातलं. गडहिंग्लज, चंदगडकडे जावं तर घरटी कुणीतरी मराठा लाइट इन्फंट्रीत असतो. पायदळातला जवान गेला की त्याच्या पलटणीतलं कुणीतरी सुट्टीवर येतं, घरी बसतं, आईला सांगतं की शेवटी असं असं झालं. लढाऊ वैमानिकाच्या बाबतीत हे घडत नाही. एका सीटचं विमान, आत एकटा माणूस. काय झालं ते सांगणारा जो असतो तोच जातो. म्हणून मला वाटतं, त्याची हकिगत नीट माहीत करून घेणं आणि सांगत राहणं हे आपण त्याचं देणं लागतो.

माझ्या मनात आहे ते असं. त्या रविवारी सकाळी जमायचं. हार-तुरे, सत्कार, पाहुण्यांची भाषणं काही नाही. प्रत्येकाने एक वैमानिक घ्यायचा आणि पाच मिनिटांत सांगायचं : नाव, विमान, तारीख, जागा, त्याने काय केलं. ढकलसंदेशात फिरणारं ऐकीव काही सांगायचं नाही, वाचून, पडताळून मगच बोलायचं. शाळकरी मुलं आली तर फारच छान.

कोण कुणाबद्दल बोलेल ते इथे लिहा.

अवकाशवेडा | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

दादा, मी येणार. मला देवय्यांबद्दल बोलायचंय. कॉलेजात एनसीसीला आहे, तिथे एका सरांनी त्यांचं नाव सांगितलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या, कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५ ला एक नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावर हल्ल्याला गेली. देवय्या त्या दिवशी राखीव होते, ऐनवेळी तुकडीत सामील झाले. परतीच्या वाटेवर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर गाठ पडलं. मिस्टेअरच्या मानाने ते कितीतरी वेगवान. देवय्यांनी त्याच्याशी झुंज घेतली आणि ते पाडलं. त्यांचं स्वतःचं विमानही गेलं आणि ते तिकडेच राहिले. आपल्याकडे फक्त एवढंच कळलं की ते परतले नाहीत.

तुम्ही म्हणता ना, सांगणाराच जातो, ते इथे अक्षरशः झालं. स्टारफायटरचा वैमानिक पॅराशूटने वाचला होता. पुढे पाकिस्तानी बाजूने त्या युद्धाचा इतिहास लिहिला गेला, त्यातून उलगडलं की त्या दिवशी एका मिस्टेअरने स्टारफायटर पाडलं. मग आपल्या लोकांनी हिशेब जुळवला : तिथे, त्या वेळी देवय्यांशिवाय दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. महावीर चक्र मिळालं १९८८ ला. तेवीस वर्षांनी!

सुलभा_म | ९ नोव्हेंबर, दुपारी १.०५

पंचगंगाकाठ, उपक्रम मनापासून आवडला. आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघी येतील. मी विजय तांबे यांच्याबद्दल बोलू इच्छिते. सविस्तर रात्री लिहिते.

गडहिंग्लजकर | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

माझं आजोबा ४/५ मराठा पलटणीत होतं. मार्च १९४४ ला मणिपुरात सांगशाकला जपान्यांनी वेढलं तेव्हा ही पलटण तिथं होती. आजोबा लई बोलायचं नाहीत, पण विमानांचा विषय निघाला की बोलायचं. पाणी नाही, टेकडी एवढीशी, वरून टाकलेलं सामान निम्मं शत्रूच्या हातात. अशात हरिकेन विमानं खाली येऊन जपान्यांवर गोळ्या झाडायची. आजोबा म्हणायचं, त्या पोरांची तोंडं कधी बघितली नाहीत, पण त्यांच्यामुळं आम्ही तोंड दाखवायला घरी आलो.

त्या इंफाळच्या लढाईत आपल्या हवाई दलाची एक नंबर स्क्वाड्रन हरिकेन उडवत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, तेच पुढे मार्शल झाले. त्यांना त्याच मोहिमेत डीएफसी हे वैमानिकांचं शौर्यपदक मिळालं. मी त्यांच्यावर बोलतो. आजोबांचा निरोप त्यांच्या पिढीपर्यंत पोचवायचा राहून गेलाय असं वाटतं.

रोखठोक_करवीर | ९ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५०

कार्यक्रमाला विरोध नाही. पण एक प्रश्न विचारतोच. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक इंग्रजांच्या सैन्यात होते, इंग्रजांसाठी लढले. त्याच काळात इथे लोक चले जाव म्हणून तुरुंगात जात होते. १९६५, १९७१, कारगिल यांच्या पंगतीत त्यांना बसवायचं का? कृतज्ञता कशाबद्दल, हे स्पष्ट असावं.

पंचगंगाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

रोखठोक, प्रश्न योग्य आहे, टाळून चालणार नाही.

माझ्यापुरतं उत्तर एका मराठी माणसाच्या रूपात देतो. हृषिकेश मूळगावकर, जन्म मुंबईचा, १९२० चा. ब्रह्मदेशात त्यांनी स्पिटफायर विमान उडवलं, म्हणजे इंग्रजांच्या झेंड्याखाली. स्वातंत्र्य मिळालं आणि दोनच महिन्यांत काश्मीरवर टोळीवाले आले. श्रीनगरात उतरलेल्या मूठभर सैन्याच्या डोक्यावर जी आपली विमानं घिरट्या घालत होती ती स्पिटफायर आणि टेम्पेस्ट, आणि ती उडवणारे बरेच जण ब्रह्मदेशात तयार झालेले. काश्मीरच्या त्या लढाईसाठी मूळगावकरांना महावीर चक्र मिळालं. पुढे १९७६ ते ७८ ते हवाई दलप्रमुख होते. ही माणसं १९४७ ला तयार नसती तर त्या ऑक्टोबरात आपण वैमानिक कुठून आणले असते?

तुरुंगात गेलेल्यांचं ऋण वेगळं, यांचं वेगळं. एक मानलं म्हणून दुसरं कमी होत नाही.

रोखठोक_करवीर | ९ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मूळगावकरांचा मुद्दा पटला. मग मूळगावकर माझ्याकडे द्या, मी बोलतो.

सुलभा_म | ९ नोव्हेंबर, रात्री १०.३०

दुपारी म्हटलं होतं तसं लिहिते आहे.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ३२ नंबर स्क्वाड्रन, सुखोई-७ विमान. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोट रोड तळावर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात तेव्हा जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं आली, त्यात 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे' असं नाव होतं. युद्धकैदी परतले, त्यात तांबे नव्हते. तेव्हापासून दमयंतीताई शोध घेत राहिल्या. मंत्र्यांची दारं, फायली, पत्रं. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहायला नेलं, त्यातही त्या होत्या. हाती काही लागलं नाही. बेपत्ता चोपन्न जणांची यादी आजही तशीच आहे.

मला या धाग्यात एक गोष्ट जपून करावीशी वाटते. तांब्यांबद्दल बोलताना 'शहीद' म्हणायचं नाही. त्यांच्या घरच्यांनी तो शब्द कधी सहज स्वीकारलेला नाही, आणि पुरावा कुणाकडेच नाही. मी 'परतले नाहीत' एवढंच म्हणेन. आपण कृतज्ञ आहोत तर त्या बाईंच्या वाट पाहण्याचाही मान राखायला हवा. बॅडमिंटनचं करिअर ऐन भरात असताना आयुष्य असं थांबवून धरणं काय असतं, हे मी एक बाई म्हणून फार विचार करून लिहिते आहे.

शिरोळची_मास्तरीण | १० नोव्हेंबर, सकाळी ६.५५

सुलभाताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. 'परतले नाहीत' हेच बरोबर.

त्याच युद्धातले, त्याच सुखोई-७ वरचे एक परत आले, त्यांच्याबद्दल मी बोलेन. दिलीप परुळकर. याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात गेले. वर्तमानपत्रात छोटीशी बातमी होती, माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला नाव माहीत नव्हतं, म्हणून त्या दिवशी भूगोलाच्या तासाला मी त्यांचीच गोष्ट सांगितली. भूगोलाच्या तासाला का, ते पुढे येतंच.

१९६५ च्या युद्धात जमिनीवरून आलेल्या गोळीने त्यांचा दंड जखमी झाला होता, तशा हाताने विमान परत आणलं. १९७१ ला १० डिसेंबरला विमान पडलं आणि ते कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा वैमानिक होते. सुटका होईल तेव्हा होईल म्हणून बसून राहणं परुळकरांना मंजूर नव्हतं. कोठडीची भिंत आतून थोडी थोडी पोखरली. ट्रान्झिस्टरच्या वीजप्रवाहावर सुया चुंबकीय करून होकायंत्र बनवलं. शाळेच्या ॲटलासवरून नकाशा उतरवून घेतला. १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेआधी, वादळी पावसात, परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून खैबर खिंडीच्या रस्त्याने लंडी कोतल. अफगाण सीमा अगदी हाकेवर आली होती.

तिथे त्यांनी लंडी खानाला जाण्याची चौकशी केली. जुन्या नकाशावर रेल्वे लंडी खानापर्यंत दाखवलेली होती. प्रत्यक्षात तो फाटा १९३२ साली बंद झाला होता. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाचं नाव घेणारी माणसं इथली नव्हेत, हे स्थानिकांना लगेच कळलं आणि तिघे पकडले गेले. माझी सहावीची मुलं नकाशावर बोट ठेवून गप्प बसली होती.

पकडल्यावर स्थानिक लोक त्यांना काय करतील याचा भरवसा नव्हता. परुळकरांनी डोकं शांत ठेवून छावणीचे आधीचे प्रमुख, पाकिस्तानी हवाई दलाचे उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला. त्यांनी हे आमचेच कैदी असल्याचं सांगितलं आणि जीव वाचले. हमीदांचं नाव मी मुद्दाम सांगते. मुलांना कळायला हवं की समोरच्या बाजूलाही सभ्य माणूस असू शकतो.

वर्षअखेरीस सगळे बारा जण वाघ्याहून परत आले.

अवकाशवेडा | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०२

मॅडम, हे मुलांसमोर तुम्हीच सांगा. आणि ॲटलास घेऊन या.

वळिवडेकर | १० नोव्हेंबर, सकाळी ११.४०

मी जरा वेगळा विषय मांडतो, आणि तो कोल्हापूरशी सगळ्यात जवळचा आहे असं मला वाटतं.

आमच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना घरातून उचलून सायबेरियात टाकलं होतं, तिथून इराणमार्गे ती पंचगंगेकाठी आली. घरचे पुरुष लढाईवर. आज तिथे गांधीनगरची बाजारपेठ आहे, फाळणीनंतर सिंधी बांधव त्याच बराकींत आले. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आपण येता-जाता पाहतो. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. पाच वर्षांच्या आसऱ्याची आठवण त्या लोकांनी ऐंशी वर्षं जपली.

त्याच देशाचे वैमानिक १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढत होते. देश हातून गेलेला, रुमानिया, फ्रान्स असं करत इंग्लंडला पोचलेले. ब्रिटनच्या त्या हवाई लढाईत १४५ पोलिश वैमानिक होते. त्यांची ३०३ नंबर स्क्वाड्रन सुरुवातीला सरावावरच ठेवली होती, कारण इंग्रजी येत नाही अशी तक्रार. ३० ऑगस्टला सराव चालू असताना लुडविक पाश्किएविच यांना जर्मन विमान दिसलं, त्यांनी रांग सोडून ते पाडलं. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रन लढाईत उतरली. महिन्याभरात, २७ सप्टेंबरला, पाश्किएविच स्वतः मारले गेले.

युद्ध जिंकलं, पण यांचा देश यांना मिळाला नाही. १९४६ ला लंडनमध्ये विजयाचं मोठं संचलन झालं, त्यात पोलिश सैन्य नव्हतं. सगळ्यात जास्त विमानं पाडणारे स्टानिस्वाव स्काल्स्की मायदेशी परतले तर तिथल्या राजवटीने त्यांना हेर ठरवून फाशी सुनावली. फाशी टळली, पण १९५६ पर्यंत तुरुंगात होते.

ज्यांच्या बायकामुलांना आपल्या गावाने सांभाळलं त्यांच्या वैमानिकांची दोन नावं आपण घेतली तर काय हरकत आहे? आणि जागा महावीर उद्यानच ठेवावी, त्या स्मारकाजवळ.

रोखठोक_करवीर | १० नोव्हेंबर, दुपारी १२.२०

वळिवडेकर, त्यांच्याबद्दल आदर पूर्ण आहे. पण १४ डिसेंबर हा सेखोंचा दिवस. सुरुवात त्यांच्यापासून आणि शेवटपर्यंत मान त्यांचा राहावा एवढंच म्हणणं.

वळिवडेकर | १० नोव्हेंबर, दुपारी १२.३५

अगदी मान्य. सेखों पहिले.

ओझरची_लेक | १० नोव्हेंबर, रात्री ९.१०

माहेर नाशिककडचं, लग्न होऊन कोल्हापुरात आले. बाबा ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात मिगच्या जोडणीवर होते. यंदा २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीवर उभं राहून पाहिला.

पंचगंगाकाठ दादांनी लिहिलं की वैमानिक एकटा असतो, साक्षीदार नसतो. खरं आहे, पण निघतानाचे साक्षीदार असतात. शिडी लावणारा, पट्टे आवळून देणारा, चाकाखालची ठोकळी काढणारा, क्षेपणास्त्राची सुरक्षा पिन काढून ती वैमानिकाला हात वर करून दाखवणारा. विमान परत येईपर्यंत ती माणसं जागेवरून हलत नाहीत. बाबा म्हणतात, मिगची एखादी दुर्घटना ऐकली की कारखान्यात दिवसभर कुणी कुणाशी बोलायचं नाही, प्रत्येक जण मनात आपलं काम तपासायचा. या लोकांबद्दल दोन शब्द बोलायची परवानगी असेल तर मी बोलेन.

शिरोळची_मास्तरीण | १० नोव्हेंबर, रात्री ९.२५

परवानगी कसली मागताय ताई! बाबांना घेऊन या. त्यांनाच बोलू दे.

नभोवाणी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

ओझरच्या ताईंना जोडून. २२ नोव्हेंबर १९७१, बोयरा. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर सेबर विमानं मुक्तिवाहिनीवर आणि आपल्या सैन्यावर मारा करत होती. दमदमहून २२ नंबर स्क्वाड्रनची चार नॅट उडाली : मॅसी, गणपती, लाझारस, सोअरीस. तीन सेबर निकामी झाली, दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने उतरले आणि कैद झाले. त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानचे हवाई दलप्रमुख झाले.

या चौघांची नावं येतात, पण जमिनीवर रडारसमोर बसून त्यांना अचूक त्या जागी नेऊन सोडणारे फायटर कंट्रोलर बागची फार कुणाला ठाऊक नाहीत. पडद्यावरचे ठिपके बघून, सेकंदाच्या हिशेबाने, शत्रूला दिसणार नाही अशा बाजूने चार विमानं आणायची. नॅट म्हणजे इवलंसं विमान, लांबी नऊ मीटरच्या आसपास, पण आधी दिसलं असतं तर त्या छोटेपणाचा उपयोगच उरला नसता. बागचींनाही पदक मिळालं. मी बागचींवर बोलेन, चौघांसकट.

गडहिंग्लजकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

नादखुळा माहिती नभोवाणीदादा. येतोय तर लवकर या, चहा माझ्याकडनं.

करवीर_वाचक | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

उशिरा वाचतेय सगळं. एक मराठी नाव कुणीच घेतलेलं नाही म्हणून लिहिते. पहिल्या महायुद्धात चार भारतीय तरुण ब्रिटनच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक झाले. त्यातले इंद्रलाल रॉय थोडे ठाऊक असतात : जुलै १९१८ च्या दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली, २२ जुलैला मारले गेले, वय एकोणीस. हरदितसिंग मलिकही काहींना माहीत. तिसरे सेन, ते युद्धकैदी झाले.

चौथे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. २३ नंबर स्क्वाड्रन, सॉपविथ डॉल्फिन विमान. तेव्हा पॅराशूटसुद्धा नसायचं, विमान लाकूड आणि कापडाचं. जून १९१८ च्या शेवटी गस्तीवर गेले ते परतले नाहीत. जखमी होऊन शत्रूच्या हाती पडले आणि ३० जूनला गेले. फ्रान्समध्ये हांगार्डच्या लष्करी दफनभूमीत त्यांची कबर आहे. शंभरावर वर्षं झाली, आपल्या भाषेत त्यांच्यावर चार पानं मिळायची मारामार. ते मी घेते. करवीर नगर वाचन मंदिरात काही सापडतंय का बघते, नाहीतर इंग्रजीतून उतरवून आणते, म्हणजे निदान एक मराठी टिपण तरी तयार होईल.

पंचगंगाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९.००

करवीर_वाचक, टिपण झालं की इथेच टाका. बाकीच्यांनीही आपापलं बोलणं लिहून इथे टाकावं, म्हणजे ज्यांना येता येणार नाही त्यांनाही वाचता येईल आणि काही राहिलं असेल तर जाणकार भर घालतील.

तर ठरलं : रविवार १४ डिसेंबर, सकाळी आठ, महावीर उद्यान, पोलिश स्मारकाजवळ. उद्यानाची परवानगी मी काढतो. सेखोंवर मी बोलेन, पहिला. मग देवय्या, मूळगावकर, अर्जन सिंग, परुळकर, त्यानंतर तांबे. तांब्यांनंतर लगेच पुढचं नाव घ्यायचं नाही, थोडं थांबू. पाश्किएविच आणि स्काल्स्की वळिवडेकरांकडे, बोयरा नभोवाणींकडे, वेलिणकर आणि रॉय करवीर_वाचक यांच्याकडे. ओझरच्या बाबांना हवा तेवढा वेळ. त्यांना फार वेळ उभं राहावं लागू नये म्हणून खुर्च्या आणतो.

कारगिलचे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा अजून कुणी घेतलेले नाहीत. २७ मे १९९९, मिग-२१. साथीदार नचिकेता यांना विमानातून बाहेर पडावं लागलं, ते कुठे उतरले हे शोधायला आहुजा मागे थांबले होते आणि क्षेपणास्त्र लागलं. कुणीतरी तरुणाने घ्यावं.

अवकाशवेडा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.४०

दादा, माझी मैत्रीण घेते म्हणाली, तीपण एनसीसीची. पुढच्या वर्षी एएफकॅटला, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे, लढाऊ विभागच हवा म्हणते. नाव नोंदवून ठेवा.